पुसू नकोस

त्याचा रोल नंबर 47. चेहरा आता धूसर झालाय, पण हजेरीपत्रकातली ती ओळ अजून डोळ्यांसमोर आहे. ऑगस्टमध्ये सलग 'पी', सप्टेंबरात मधूनमधून 'ए', आणि दिवाळीच्या तोंडावर नुसते 'ए'च 'ए'. ती अक्षरं मीच लिहीत होते, माझ्याच हाताने, रोज. पहिल्या युनिट टेस्टला त्याला 20 पैकी 4 मिळाले होते. पेपर वाटताना मी सगळ्या वर्गाला उद्देशून 'जरा अभ्यास वाढवा' म्हटलं आणि पुढचा टॉपिक सुरू केला. दिवाळीला गावी गेलेला तो मुलगा परत आलाच नाही.

जानेवारीत त्याचे वडील ओरिजनल कागदपत्रं न्यायला आले. ऑफिसबाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मी गणित शिकवते हे कळल्यावर उठून उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, बारावीला गणितात 94 होते हो त्याला. इथं येऊन काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या रूम पार्टनरला नंतर गाठून विचारलं, तर तो म्हणाला, "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचा, मॅडम. एकटाच."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. त्यातला 'एकटाच' हा शब्द माझ्या मनातून गेला नाही, कारण ते एकटं बसणं मी स्वतः बसलेली आहे.

मी मंगळवेढ्याकडची. दहावीपर्यंत गावात, बारावी तालुक्याला, आणि बी. एस्सी.ला एकदम पुण्यात. पहिल्याच टर्मला कॅल्क्युलसमध्ये 40 पैकी 9. आयुष्यात गणितात नापास होण्याची पहिली वेळ. मी काय केलं असेल? हॉस्टेलच्या खोलीत टेबल भिंतीकडे फिरवलं आणि खोलीकडे पाठ करून बसायला लागले. कुणी जवळ आलं की वहीवर हात ठेवायचे. लिमिटची व्याख्या मी स्तोत्रासारखी पाठ केली होती: प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो, असा की... पाठ येत होती, पण ती काय सांगतेय ते कळत नव्हतं. आणि कळत नाही हे विचारायचं कुणाला? विचारलं की उघडं पडणार. आपण चुकून इथवर आलोय, हे सगळ्यांना कळणार. घरी पत्रात 'अभ्यास चांगला चालू आहे' असं लिहायचे.

दुसऱ्या टर्मला एका संध्याकाळी हॉस्टेलची लाइट गेली. मेणबत्त्या संपलेल्या, म्हणून आमच्या मजल्यावरच्या सात-आठजणी एका कंदिलाभोवती व्हरांड्यात बसल्या. कुणाच्या तरी घरून आलेला चिवडा मधे. परीक्षा जवळ आलेली, त्यामुळे गप्पा आपसूक अभ्यासावर गेल्या. आणि आमच्या वर्गात पहिली आलेली मुलगी, जिला 40 पैकी 36 होते, ती चिवड्यातला शेंगदाणा शोधत अगदी सहज म्हणाली, "ए, पण हा डेल्टा म्हणजे नक्की काय गं? मला अजून नीट कळलेला नाही."

माझ्या आत काहीतरी सैल झालं. तिलाही कळलेलं नव्हतं! ती ते मोठ्याने बोलू शकत होती आणि बोलल्याने तिचं काही बिघडत नव्हतं. त्या रात्री आम्ही तासभर भांडलो त्या डेल्टावर. एकीने शेवटी खडूने फरशीवर आलेख काढला, वर-खाली दोन आडव्या रेघा मारल्या आणि म्हणाली, "तू मला ही वरची-खालची पट्टी दे, मी तुला बाजूची पट्टी देते. तू कितीही बारीक दे, मी देणारच. एवढंच म्हणतोय तो." व्याख्या मला त्या फरशीवर समजली. त्या वर्षी मला 40 पैकी 27 मिळाले. मी टेबल पुन्हा भिंतीपासून फिरवलं.

हल्ली 'विद्यार्थ्यांमध्ये लवचीकता निर्माण करणे' अशा विषयावर कार्यशाळा होतात. मीही एक-दोन ठिकाणी बसले आहे. मोठमोठ्या पाट्या, श्वासाचे व्यायाम, 'सकारात्मक विचार करा.' श्वासाच्या व्यायामाशी माझं वाकडं नाही. पण मुलाला खोलीत एकटं ठेवायचं आणि मग त्याला सांगायचं की तू आतून खंबीर हो, हे मला पटत नाही. आमच्याकडे यासाठी चांगला शब्द आहे: तग धरणं. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध आहे. पाऊस संपल्यावर पेरतात, आणि नंतर वरून थेंब नाही आला तरी ती उभी राहते. लोक ज्वारीचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण शेतकऱ्याला विचाराल तर तो आधी मातीचं नाव घेईल. खोल काळी माती पावसाळ्यातली ओल पोटात धरून ठेवते, म्हणून ज्वारी तग धरते. तेच बी मुरमाड माळावर टाका आणि त्याला खंबीर व्हायला सांगून बघा.

कॉलेजात ही ओल कुठून येते, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला एका अमेरिकन गणितज्ञाच्या कामात सापडलं. यूरी ट्राइसमन हे 1970 च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन करत होते. तिथे पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर नापास होत होते, आणि चिनी वंशाचे अमेरिकन विद्यार्थी मात्र उत्तम करत होते. ट्राइसमन यांनी आधी प्राध्यापकांना कारणं विचारली. चार कारणं पुन्हा पुन्हा आली: मुलांना ओढ नाही, पाया कच्चा आहे, घरून पाठबळ नाही, घरची गरिबी आहे. ही चारही कारणं मी आमच्या स्टाफरूममध्ये जशीच्या तशी ऐकलेली आहेत. फक्त मुलं वेगळी. आमच्याकडे ती 'ग्रामीण भागातली', 'मराठी माध्यमाची' असतात.

ट्राइसमन यांनी ही कारणं मान्य करून पुढे जायच्या ऐवजी 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते प्रत्यक्ष कसा अभ्यास करतात हे त्यांच्यासोबत राहून पाहिलं. लायब्ररीत, खोलीत, घरी. चारही कारणं ढासळली. कृष्णवर्णीय मुलं मेहनती होती, शाळेत पुढे असलेली होती, आईवडिलांनी त्यांच्या शिक्षणासाठी जीव टाकलेला होता. प्राध्यापक सांगायचे की आठवड्याला आठ तास अभ्यास करा. ती इमानदारीत आठ तास करत होती. पण 20 पैकी 18 जण वर्गमित्रांबरोबर कधीच अभ्यास करत नव्हते. अभ्यास वेगळा, मित्र वेगळे. चिनी वंशाची मुलं आधी एकेकटी आठ-दहा तास बसायची आणि मग संध्याकाळी एकत्र यायची. जेवण व्हायचं, एकमेकांची उत्तरं ताडून बघायची, जुने पेपर काढून एकमेकांना प्रश्न घालायचे, एखादा मोठा भाऊ येऊन परीक्षा घ्यायचा. आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना परीक्षेआधी माहीत असायचं.

एकट्या मुलाची अडचण इथेच असते. त्याला आपण कुठे आहोत हे कळायला निकालाशिवाय दुसरा मार्ग नसतो. सांगितलं तेवढं सगळं केलं, आणि तरी नापास. मग तो काय अर्थ काढणार? गणित अवघड आहे असा नाही. मीच कमी आहे, असा.

त्या अभ्यासातून 1978 मध्ये ट्राइसमन यांनी कार्यशाळा सुरू केली, आणि तिच्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी ती 'कच्च्या मुलांचे जादा वर्ग' म्हणून काढलीच नाही. मुलांना सांगितलं, हा हुशार मुलांचा कार्यक्रम आहे, आणि परीक्षेपेक्षा कठीण गणितं त्यांच्यापुढे ठेवली. इतकी कठीण की एकट्याने सुटणं मुश्कील, म्हणजे शेजारच्याशी बोलावंच लागेल. यात भाग घेतलेल्या मुलांचे निकाल सुधारले, गळती कमी झाली, आणि ही पद्धत पुढे अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांनी उचलली.

मी हे वाचलं तेव्हा मला आप्पांची आठवण आली. माझे वडील रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहून शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावी संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. 1927 मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले, आणि त्यांच्याच हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं, हे आप्पा सांगायला लागले की त्यांचा आवाज दरवेळी बदलायचा. पण त्यांच्या बोलण्यात वर्गापेक्षा जास्त यायचं ते भाकऱ्या थापणं, शेतात काम करणं आणि रात्री एका दिव्याभोवती बसणं. "मला बीजगणित सरांनी शिकवलं खरं, पण समजलं ते आमच्या वरच्या वर्गातल्या पोराकडून, भाजी चिरता चिरता," असं ते म्हणायचे. तेव्हा मला वाटायचं, आप्पा जुन्या दिवसांत रमलेत. आता वाटतं, ते अगदी नेमकी गोष्ट सांगत होते.

याचं कारणही आहे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी सांगितलेला अनुभव असा: एक प्रश्न त्यांनी दोनदा समजावला, तरी वर्ग गोंधळलेलाच. शेवटी ते म्हणाले, आपापसात बोला. काही मिनिटांत मुलांनी एकमेकांना समजावून टाकलं. ज्याला नुकतंच कळलंय त्याला आपण कुठे अडकलो होतो ती जागा अजून आठवत असते. मला ती आठवत नाही. बावीस वर्षं मी डबल इंटिग्रेशन शिकवते आहे. पहिल्यांदा कुठे अडखळले होते ते माझ्या मनातून केव्हाच पुसलं गेलंय.

47 नंबरच्या वडिलांना भेटल्यानंतरच्या वर्षी मी खोली नंबर 217 मागून घेतली. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी साडेपाच ते सात. नाव काहीच दिलं नाही. पहिल्या युनिट टेस्टनंतर मी वेगवेगळ्या बाकांवरची मुलं निवडते. त्यात 18 मिळालेली असतात आणि 4 मिळालेलीही. कुणाला कशासाठी बोलावलंय हे सांगत नाही. चारचार जणांचे गट, प्रत्येक गटाला भिंतीवरच्या फळ्याचा एक तुकडा आणि एकच खडू. खडू एकच, हे मी मुद्दाम ठेवलं. चार खडू दिले की चौघं चार कोपऱ्यांत आपापलं सोडवतात. खडू एकाच्या हातात असला की बाकीच्या तिघांना बोलावं लागतं.

या वर्षीच्या एका गुरुवारचं सांगते. गणित होतं: एक्स शून्य ते एक, वाय एक्सपासून एकपर्यंत, आणि आत ई चा घात वाय वर्ग. या फंक्शनचं वायच्या दृष्टीने सरळ इंटिग्रेशन आपल्या नेहमीच्या सूत्रांत बसतच नाही. त्यामुळे ऑर्डर, म्हणजे आधी वाय की आधी एक्स हा क्रम, बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. खडू होता एका अकोल्याच्या मुलीकडे. तिने काय केलं, आतली लिमिट (इथे लिमिट म्हणजे कुठून कुठपर्यंत ती सीमा) बाहेर आणि बाहेरची आत, अशी नुसती अदलाबदल केली. आत एक्स शून्य ते एक, बाहेर वाय एक्सपासून एक. आतलं सोडवल्यावर पुन्हा तोच ई चा घात वाय वर्ग समोर उभा, आणि वरून लिमिटमध्ये एक्स लटकलेला. तिने डस्टर उचललं.

"थांब, पुसू नकोस," शेजारची म्हणाली. "हा एक्स कुठून आला? आपण एक्स तर आत्ताच संपवला ना?"

सगळे त्या एक्सकडे बघत राहिले. एकजण म्हणाला, भावा, बाहेरच्या लिमिटमध्ये एक्स चालतच नसेल. का चालत नसेल? कारण मग उत्तर आकडा येणार नाही. मग बाहेर काय पाहिजे? नुसते आकडे. ठीक, मग आत काय? इथे गाडी अडली. पाच मिनिटं कुणी बोलेना. मी खिडकीपाशी उभी होते आणि माझी जीभ मी अक्षरशः दातांखाली धरली होती.

गटात किनवटकडचा एक मुलगा आहे. तोपर्यंत तीन आठवड्यांत तो चार वाक्यंसुद्धा बोलला नसेल. त्याने दप्तरातून स्टीलची पट्टी काढली. फळ्यावर या सीमांमधला त्रिकोण कुणीतरी आधीच काढलेला होता. त्याने पट्टी त्या त्रिकोणावर उभी धरली. "ही आत्ताची. खाली वाय बरोबर एक्स ही रेघ, वर एक." मग मनगट फिरवून तीच पट्टी आडवी केली. "आता ही कुठं सुरू होते आन् कुठं संपते?"

अकोल्याची मुलगी म्हणाली, "डावीकडे शून्य. उजवीकडे... ती तिरकी रेघ. म्हणजे एक्स बरोबर वाय!"

"मंग आत एक्स शून्य ते वाय."

पुढचं त्यांनी दोन मिनिटांत संपवलं. आतलं इंटिग्रेशन केल्यावर वाय गुणिले ई चा घात वाय वर्ग आलं, म्हणजे गणित सुटायला जो वाय हवा होता तो आपसूक हातात पडला. उत्तर ई वजा एक, भागिले दोन. तिने उत्तराभोवती चौकोन केला, आणि मग खडू त्या मुलाच्या हातात दिला. काही बोलली नाही. नुसता दिला. त्याने पुढचं गणित स्वतः लिहायला घेतलं, आणि दुसऱ्याच ओळीत चुकला. पण आता फळ्याजवळून हलला नाही.

'पुसू नकोस' हा त्या खोलीतला नियम झालाय. मी केलेला नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुलांकडूनच तो आला. चुकलेलं फळ्यावर राहतं, त्याच्या बाजूला नवं लिहायचं. सातला बघावं तर फळ्यावर बरोबर गणितापेक्षा चुकलेलंच जास्त असतं. आणि ते कुणाचं चुकलंय हे एव्हाना कुणाला आठवत नसतं.

एकत्र शिकणं या नावाखाली आपल्याकडे दुसरंही खूप चालतं, त्याबद्दल न बोलणं बरोबर होणार नाही. असाइनमेंटची एक फाईल सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या हॉस्टेलवर फिरते आणि सकाळी साठ फाइलींमध्ये एकच स्पेलिंग मिस्टेक असते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला चारजणांचा गट, त्यात राबतो एक आणि ओरलला उभे राहतात चौघं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पेपर सोडवलेल्या पीडीएफ पडतात. याने मुलं पास होतात, तग धरायला शिकत नाहीत. कारण यात कुणी कुणाला आपलं न कळलेलं दाखवत नाही. उत्तरं हातोहात फिरतात, प्रश्न मात्र प्रत्येकाच्या खोलीत तसाच कोंडलेला राहतो. म्हणून मला एकट्याने करायचा अभ्यासही सोडायचा नाही. 217 मध्ये येण्याआधी दोन गणितं घरी घासूनच यावं लागतं. ज्याने स्वतः डोकं आपटलेलं नाही, त्याला दुसऱ्याची पट्टी आडवी झालेली दिसत नाही.

सगळीच मुलं टिकतात असं नाही. गेल्या वर्षी एकजण दोनदा आला आणि यायचा बंद झाला. पण यावेळी मला ते दिवाळीनंतर कागदपत्रांच्या वेळी कळलं नाही. त्याच्या गटातल्या तिघांनी पुढच्याच मंगळवारी मला सांगितलं, आणि सांगायच्या आधी ते त्याच्या रूमवर जाऊनही आले होते. त्याच्या घरी आजारपण होतं, मेसचे पैसे थकले होते. गणिताशी याचा काही संबंध नव्हता. वर्गात मी एकटी साठ-सत्तर मुलांकडे बघते. तिथे त्याच्याकडे बघणारे तिघंजण होते, आणि तो आला नाही तर त्यांच्या फळ्यावर एक माणूस कमी पडत होता. महिनाभराने तो आला. दारात घुटमळला. कुणी 'कुठे होतास' विचारलं नाही; एकीने सरकून जागा केली आणि म्हणाली, "बरं झालं आलास, हे बघ ना, आमचं कुठं फसलंय."

परवाच्या गुरुवारी सात वाजून गेले तरी दोन गट हलेनात. वॉचमन काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात आले. मुलं म्हणाली, काका, दहा मिनिटं. काका मागच्या बाकावर टेकले. फळ्यावर पोलर कोऑर्डिनेट्सचं एक गणित अर्धवट होतं, कुणाचा तरी आत गुणायचा 'आर' राहून गेला होता आणि त्यामुळे उत्तर उणे येत होतं. क्षेत्रफळ उणे कसं येईल, यावर जोरात वाद चालला होता. काकांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, तुम्हाला उत्तर माहितीये ना?"

मी मान हलवली. काकांनी किल्ल्या बाकावर ठेवल्या आणि फळ्याकडे बघत बसले.